राहिलेल्या मजुरीचा हिशेब



गेल्या तालुका बैठकीत वीजबिलाचा आणि पीककर्जाचा विषय संपला. माणसे उठून चपला शोधू लागली. तेवढ्यात मागच्या बाजूला बसलेल्या एक आजी कापडी पिशवी घेऊन पुढे आल्या. पिशवीत नवऱ्याचे डिस्चार्ज बुक, रुमालात बांधलेली दोन पदके, बँकेचे पासबुक आणि पेन्शनचा हुकूम, म्हणजे पीपीओ, एवढा ऐवज होता. आजी म्हणाल्या, "दादा, बँकेत म्हणत्यात, तुमचा जन्म कागदावर न्हाई. मग मी हाय का न्हाई, एवढं बघून सांगा."

सभेत हशा पिकला. कागद उघडल्यावर मात्र कोणी हसले नाही.

आजींचे मालक मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही लढाया त्यांनी पाहिल्या, हवालदार होऊन घरी आले, वारले. त्यांच्या मागे आजींना कुटुंबनिवृत्तिवेतन चालू आहे. नियम असा की, पेन्शन घेणाऱ्या माणसाला, मग तो सैनिक असो वा त्याची विधवा, ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनीत २० टक्क्यांची वाढ मिळते. आजींना ८४ वे चालू आहे. वाढीचा एक रुपया आलेला नाही. कारण पीपीओवर त्यांचे नाव आहे, पण जन्मतारखेची जागा कोरी आहे. तारीख नाही म्हणून वय नाही, वय नाही म्हणून वाढ नाही.

आजींचे बघून आणखी दोघी बोलत्या झाल्या. एकीचा नवरा नऊ वर्षे फौजेत राहून परत आला होता. त्याला पेन्शन नव्हती, म्हणून त्याच्या मागे हिलाही नाही. तिसऱ्या बाईंचा नवरा हयात आहे. नोकरीत असताना पाठीच्या कण्याला मार बसला, तेव्हापासून तो अंथरुणाला खिळून आहे. त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळते. बाई म्हणाल्या, "त्यांना उचलायचं, बसवायचं, समदं माझ्याकडंच. आता माझीच कंबर गेली. माझ्यामागं कोण?"

त्या दिवशी आमच्यापाशी तिघींनाही देण्याजोगे पुरे उत्तर नव्हते. म्हणून या अंकाचे संपादकीय या प्रश्नाला दिले आहे. जिल्हा बैठकीत त्यावर बोलायचे आहे.

शेतकऱ्यांच्या पत्रिकेत फौजेचा विषय कशाला?

कोणी असे विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. फौजेत जवान म्हणून जातो कोण? माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या कोरडवाहू भागात पाच एकरांवर तीन भावांचे भागत नाही. मग थोरला नांगर धरतो, मधला मुंबईला जातो आणि धाकटा भरतीच्या मैदानावर धावतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचे नावच 'सैनिक टाकळी' पडले. ही गावे देशभक्तीत इतरांच्या पुढे आहेत यात शंका नाही. पण ती शेतीच्या तोट्यानेही पुढे ढकलली गेली आहेत. कोरडवाहू शेतीला खरा जोडधंदा गाईम्हशींचा नव्हता, फौजेचा होता. मनिऑर्डर आली की सोसायटीचा हप्ता भरायचा, विहिरीचे काम पुढे सरकायचे.

आणि तो तिकडे असताना इकडे शेत कोण कसत होते? त्याची बायको. तिचा पगार कोणत्याच खात्याच्या वहीत नव्हता. सासू-सासऱ्यांचे दुखणे, पोरांची शाळा, पेरणीची धांदल, तार आली की काळजाचा ठोका, हे सगळे तिने पंधरा-वीस वर्षे काढले. सैनिकाच्या नोकरीत तिचे निम्मे काम होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून तिच्या म्हातारपणाचा हिशेब हा शेतकऱ्याच्या घरचाच हिशेब आहे.

न्यायालयाने सांगितले, कचेरीने ऐकले नाही

शेतमालाचा भाव हा सरकारचा उपकार नव्हे, तो घामाचा दाम आहे, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. पेन्शनीबाबत हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगून ठेवली आहे. डी. एस. नाकरा यांचा तो खटला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. त्याचा सारांश असा की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर मिळणारी बक्षिसी नाही. ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे, नोकरीच्या काळात राखून ठेवलेली आणि पुढे द्यायची मजुरी आहे.

राखून ठेवलेली मजुरी! या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्याच्याकडे आपली मजुरी राहिली आहे तो देणेकरी, आणि ज्याची राहिली तो घेणेकरी. पेन्शनीच्या व्यवहारात सरकार देणेकरी आहे आणि ८४ वर्षांची आजी घेणेकरी आहे. पण बँकेच्या आणि कचेरीच्या दारात चित्र उलटे दिसते. घेणेकरी हात जोडून उभी आणि देणेकरी खुर्चीवर बसून कागद मागतो. आपल्या पीककर्जाचा हप्ता थकला तर व्याज चढते, नोटीस येते, सातबारावरचा बोजा हटत नाही. विधवेची पेन्शन चार वर्षे अडली तर नोटीस कोणाला जाते? उलट, तिने उशिरा दाद मागितली तर तिचेच नुकसान होते. तरसेमसिंग खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला की, अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी उशिराने कोर्टात आलेल्याला साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच थकबाकी मिळेल. पेन्शनीच्या इतर दाव्यांतही हाच दंडक पुढे केला जातो. म्हणजे गरिबाला जे माहीत नव्हते, ते त्याने गमावले.

पहिला उंबरठा : पंधरा वर्षे

आता पात्रतेचे नियम एकेक पाहू. जवान ते सुभेदार या हुद्द्यांना सेवानिवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची नोकरी लागते, अधिकाऱ्यांना २० वर्षांची. जुन्या काळी काही वर्षे पलटणीत आणि काही वर्षे राखीव दलात अशी भरती होत असे. त्यांची दोन्ही मिळून १५ वर्षे भरली तर राखीव सैनिकाची पेन्शन मिळते. पंधराला एक वर्षापर्यंतची नोकरी कमी पडत असेल तर ती उणीव माफ करण्याची तरतूद आहे. ही तरतूद गावोगावच्या कित्येकांना ठाऊक नाही. ज्यांच्या डिस्चार्ज बुकात चौदा वर्षे आणि काही महिने लिहिलेले आहेत, त्यांनी ते बुक पेटीत ठेवू नये, बैठकीला घेऊन यावे.

नऊ-दहा वर्षे करून आलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी पेन्शन नाही, अनुदान आहे. हवालदार वा त्याखालच्या हुद्द्याचा, पेन्शन नसलेला, नियमित उत्पन्न नसलेला ६५ वर्षांवरील माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून मदत मिळते. ती २०१७ पासून महिना रु. ४,००० होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ती दुप्पट करून रु. ८,००० केली, तीही हयातभरासाठी. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना हा दर लागू झाला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करायचा असतो.

जे झाले ते चांगलेच झाले. आमच्या बैठकीतल्या दुसऱ्या बाई तहसील कचेरीत निराधार योजनेच्या महिना रु. १,५०० साठी खेटे घालत होत्या. या अनुदानाचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते. पण हे अनुदान ध्वजदिनाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीचे आहे. ७ डिसेंबरला शाळेतली पोरे छातीवर टाचणीने कागदी झेंडे लावून जे डबे फिरवतात, त्या पैशांतून ते येते. ती समाजाची कृतज्ञता झाली. नऊ वर्षांच्या नोकरीची नऊ वर्षांपुरती पेन्शन, एवढा साधा त्रैराशिकाचा हिशेब सरकारला आजवर का सुचला नाही? पंधराव्या वर्षी सारे, चौदाव्याला काही नाही, असा व्यवहार आपण सालगड्याशी केला तर गाव आपल्याला काय म्हणेल?

दुसरा उंबरठा : बायकोचे नाव

सैनिक वारल्यावर बायकोला मिळणारी पेन्शन तीन प्रकारची आहे. समजा, त्याचा शेवटचा पगार रु. ४०,००० होता. निवृत्तीनंतर आजारपणाने वा म्हातारपणाने मृत्यू आला तर साधे कुटुंबनिवृत्तिवेतन ३० टक्के, म्हणजे रु. १२,०००. त्यातही सुरुवातीची सात वर्षे, किंवा तो असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता तोवर, जे आधी येईल ते, हा दर ५० टक्क्यांपर्यंत असतो. नोकरीच्या कारणाने मृत्यू आला तर विशेष कुटुंबनिवृत्तिवेतन ६० टक्के, म्हणजे रु. २४,०००. लढाईत वा तशा कारवाईत गेला तर उदार कुटुंबनिवृत्तिवेतन, पूर्ण रु. ४०,०००. यावर महागाईची भर वेगळी. पगार कितीही कमी असला तरी २०१६ पासून मूळ कुटुंबनिवृत्तिवेतन रु. ९,००० च्या खाली नाही.

यातला 'नोकरीच्या कारणाने' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ३० की ६० हे त्यावर ठरते. अपंगत्वाच्या पेन्शनीतही तोच प्रश्न येतो. धरमवीरसिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी तपासून धडधाकट म्हणून घेतलेला माणूस पुढे नोकरीत असताना आजारी पडला, तर तो आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, सैनिकाची नव्हे. ज्यांचे अर्ज 'आजाराचा नोकरीशी संबंध नाही' एवढ्या एका ओळीने फेटाळले गेले, त्यांनी ते पत्र पुन्हा काढून वाचावे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. तेथे दाद मागता येते.

पण यातल्या कोणत्याही पेन्शनीसाठी आधी बायकोचे नाव कागदावर असावे लागते. लग्न झाले, मूल झाले, की पलटणीत 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि ती रेकॉर्ड ऑफिसात जाते. मराठा पलटणीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. लग्न सुट्टीत झाले, फौजी घाईत परतला, ऑर्डर निघालीच नाही, असे किती तरी घरांत झाले आहे. आणि निघाली तरी नाव काय लागले? माहेरचे की सासरचे? आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. कारकुनाने लिहिले 'सुलोचना', आधार कार्डावर आले 'सुलाबाई', बँकेत तिसरेच. बाई एकच, कागदावर तिघी. नवरा असेपर्यंत याचे काही अडत नाही. तो गेल्यावर तेरावे होते न होते तोच अडायला लागते.

२०२१ पासून सरकारने 'स्पर्श' नावाची संगणकीय व्यवस्था आणली. पेन्शन थेट खात्यात जमा होते, दलालाचे काम नाही, हे तिचे गुण मान्य केले पाहिजेत. पण संगणकाला 'सुलोचना' आणि 'सुलाबाई' एकच हे समजत नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा. चाळीस वर्षे खुरपे धरलेल्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. ज्या घरात शिकलेले पोर आहे त्याने आजीचा दाखला मोबाईलवर करून द्यावा, त्यासाठी शंभर रुपये घेणाऱ्याच्या दारात तिला उभे करू नये.

हक्काच्या आणखी काही गोष्टी गावात माहीत नाहीत, त्या येथे सांगतो. बरेच फौजी निवृत्त होऊन पुन्हा एखाद्या सरकारी नोकरीला लागले आणि तिकडूनही निवृत्त झाले. पूर्वी अशांच्या विधवेला दोहोंपैकी एकच कुटुंबनिवृत्तिवेतन मिळे. २४ सप्टेंबर २०१२ पासून नियमात बसणाऱ्यांना दोन्ही मिळू शकतात. ज्यांचे मालक त्याआधी वारले, त्यांनीही तपासून घ्यावे. स्वतःच्या पायावर उभे राहू न शकणाऱ्या अपंग मुलाला वा मुलीला आईबापांच्या मागे हयातभर पेन्शन मिळू शकते. अवलंबून असलेल्या विधवा, घटस्फोटित व अविवाहित मुलींनाही ती मिळू शकते. फक्त त्यांची नोंद आईबाप हयात असतानाच करून ठेवलेली बरी. आणि ८० नंतर ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पेन्शन दुप्पट, अशी वाढ आहे. ती आपोआप मिळायला पीपीओवर जन्मतारीख हवी. ज्यांच्या पीपीओवर ती नाही, त्यांनी ऐंशीची वाट न पाहता आजच ती लावून घ्यावी.

'एक हुद्दा एक पेन्शन' ही मागणी माजी सैनिकांनी दिल्लीत जंतर मंतरवर बसून मिळवली. ७ नोव्हेंबर २०१५ ला हुकूम निघाला, १ जुलै २०१४ पासून अंमल आला, दर पाच वर्षांनी फेरआखणी ठरली. २०१९ च्या फेरआखणीची थकबाकी रखडली तेव्हा मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्या आणि विधवांचे पैसे सर्वांच्या आधी, ३० एप्रिल २०२३ पर्यंत, एकरकमी द्यायला लावले. संघटित माणसांना न्याय मिळतो याचा हा दाखला आहे. पण जंतर मंतरवर माणच्या आजी नव्हत्या. दरांसाठी जो लढा झाला, तो कागदांसाठी झालाच नाही.

तिसरा उंबरठा : उचलायला-बसवायला कोण?

आता तिसऱ्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. तो सर्वांत अवघड आहे.

सैनिक शंभर टक्के अपंग असेल, दुसऱ्याच्या मदतीशिवाय त्याचे काहीच होत नसेल आणि वैद्यकीय मंडळाने तशी शिफारस केली असेल, तर त्याला 'सततच्या सोबतीचा भत्ता' मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये तो महिना रु. ६,७५० ठरला. दिवसाला सव्वादोनशे रुपये. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ मध्ये रु. ३१२ होता, तोही आठ तासांचा. अंथरुणावरच्या माणसाची सेवा चोवीस तासांची असते. रात्री दोनदा कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ही सेवा जी करते तिला त्या सव्वादोनशेतलेही हाती काही पडत नाही, ते औषधात आणि कापसात जातात.

पुण्याजवळ खडकीला पक्षाघाती सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. तेथले काम पाहून मान आदराने लवते. पण तेथे जागा मोजक्या आहेत. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे. तिच्यात शस्त्रक्रिया होते, औषधे मिळतात. पण शस्त्रक्रिया झाल्यावर माणूस घरीच येतो. घरात पुढची वीस वर्षे त्याला न्हाऊ-माखू कोण घालणार, हा प्रश्न तिच्या कक्षेत बसत नाही. आणि ज्याला पेन्शनच नाही, त्या जवानाला सर्वसाधारणपणे या योजनेचे दारही बंद आहे.

त्याहून मोठी उणीव अशी की, ही सोबतीची तरतूद फक्त सैनिकाच्या शंभर टक्के अपंगत्वाला आहे. त्याची बायको विधवा होऊन पुढे स्वतः अंथरुणाला खिळली तर तिच्यासाठी काहीच नाही. जिने वीस वर्षे सोबत केली, तिच्या सोबतीला नियमात कोणी नाही.

हे कोठेच शक्य नाही असे नाही. अमेरिकेत युद्धकाळात नोकरी केलेल्या गरीब माजी सैनिकाला पेन्शन असते आणि त्याच्या मागे पुनर्विवाह न केलेल्या जोडीदारालाही असते. त्यातला कोणी अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून झाला तर पेन्शनीत वेगळी भर पडते. विधवेलाही पडते. तिकडचे सगळे चांगले असे आमचे म्हणणे नाही. तेथे मालमत्तेची कसोटी कडक आहे. राहते घर आणि त्याभोवतीची दोन एकरांपर्यंतची जागा सोडली, तर त्यापलीकडची विकण्याजोगी जमीन हिशेबात धरतात. २०१८ पासून मागच्या तीन वर्षांत कोणाला काय देऊन टाकले याचीही झडती होते. असली कसोटी आपल्याकडे आली तर सातबारावर चार एकर खडक असलेली बाई श्रीमंत ठरेल. ती कसोटी आपल्याला नको. पण त्यांचा प्रश्न घेण्यासारखा आहे. ते टक्के विचारून थांबत नाहीत. ते विचारतात, तुमचे तुम्हाला जेवता येते का, न्हाता येते का? म्हातारपणाला टक्के नसतात, त्याला हाच प्रश्न विचारावा लागतो.

पुढच्या पिढीचे काय?

हे सारे ज्यांना पेन्शन होती त्यांचे झाले. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे सुमारे रु. ११ लाख ७१ हजार घेऊन घरी येतील. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. नोकरीत मृत्यू आला तर विम्याचे रु. ४८ लाख आणि, नोकरीच्या कारणाने आला असेल तर, वर सानुग्रह रक्कम आहे. पण बायकोला दरमहाचे कुटुंबनिवृत्तिवेतन नाही. एकरकमी पैशाचे काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला आलेली गावे आपण पाहिली आहेत. दोन वर्षे मोटारसायकली फिरल्या, मग मजुरीवर जाण्याची पाळी आली. घर महिन्याच्या पैशावर चालते. पेन्शनीचा खर्च वाचवायचा असेल तर तो सरकारने इतरत्र वाचवावा. खर्च कमी करण्याची सुरुवात दर वेळी कोरडवाहू घरातल्या पोरापासूनच का होते?

आमच्या मागण्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला. पेन्शनीच्या दरांचा विचारही त्याच्याकडे आहे. नोकरदारांच्या संघटना आपापली गाऱ्हाणी घेऊन तेथे जातातच. विधवांचे गाऱ्हाणे घेऊन कोण जाणार? आम्ही जिल्हा बैठकीपुढे पुढील ठराव मांडत आहोत.

१. ज्या पीपीओवर विधवेची जन्मतारीख नाही, तेथे ती शोधून लावण्याची जबाबदारी कचेरीची असावी. ज्या तारखेला वाढ देय झाली तेव्हापासूनची संपूर्ण थकबाकी व्याजासह द्यावी. आपल्याकडून व्याज घेणाऱ्याने आपल्यालाही ते द्यावे.

२. नावातल्या फरकासाठी विधवेला रेकॉर्ड ऑफिसला पाठवू नये. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याने गावात येऊन सरपंच, पोलीस पाटील आणि दोन माजी सैनिकांसमक्ष पंचनामा करावा व तोच ग्राह्य धरावा.

३. पंधरा वर्षांच्या आत परतलेल्यांना केलेल्या नोकरीच्या प्रमाणात पेन्शन मिळावी. तोवर रु. ८,००० च्या अनुदानाची माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.

४. सततच्या सोबतीचा भत्ता निदान मजुरीच्या दराइतका व्हावा, आणि अंथरुणाला खिळलेल्या विधवेलाही तो मिळावा.

५. चार वर्षांच्या भरतीतला जवान नोकरीत वारला तर त्याच्या बायकोला वा आईबापांना दरमहाचे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावे.

आपण काय करायचे?

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर हात बांधून बसायचे नाही. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावातून एका तरी माजी सैनिकाला वा सैनिकाच्या विधवेला सोबत आणावे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, पासबुक, आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, जे असेल ते आणावे. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नयेत, प्रती काढाव्यात. बैठकीच्या मंडपात एक टेबल या कामासाठी ठेवले आहे. निवृत्त सुभेदार आणि हेडक्लार्क मंडळींनी तेथे बसण्याचे मान्य केले आहे. पीपीओवर नाव बरोबर आहे का, जन्मतारीख आहे का, दर कोणता लागला, दुसरी पेन्शन बसते का, अपंग मूल नोंदले आहे का, एवढे पाच प्रश्न विचारून अर्ज तेथेच लिहून दिले जातील. यासाठी कोणी पैसा मागितला तर आम्हाला सांगावे.

जे फौजी आज धडधाकट आहेत, त्यांना एक कळकळीचे सांगणे आहे. भावांनो, पलटणीत असताना रायफल साफ केल्याशिवाय तुम्ही झोपला नाहीत. आता बायकोचे कागद तेवढ्याच काळजीने साफ करा. तिचे नाव, तिची जन्मतारीख, तिच्याबरोबरचे जोडखाते, हे आजच्या आज पाहा. जमीनही निम्मी तिच्या नावावर करा. तुमच्या मागे तिला कोणाच्या दारात 'मी आहे' हे सिद्ध करीत बसावे लागू नये.

२६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला मांडवात बोलावून वीरपत्नींना शाल-श्रीफळ देतात. आजींना अशा तीन शाली मिळाल्या आहेत. थंडीत त्या उपयोगी पडतात, असे त्या म्हणाल्या. पण शाल ही भेट आहे आणि पेन्शन हे देणे आहे. भेट दिली म्हणून देणे फिटत नाही, हे सावकारालाही कळते.

आजींचा अर्ज आम्ही लिहून, शाळेचा जुना दाखला जोडून पाठवला आहे. उत्तर येईल तेव्हा या पत्रिकेत छापू. तोवर गावोगावच्या अशा पिशव्या बाहेर निघू द्या. जिल्हा बैठकीत भेटूच.